शिडाच्या होडीचं इंजिन पांढरा धूर सोडतंय: आधी धूर ओळखा, मग पाना उचला

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढऱ्या धुराचं एवढं सरळ नसतं. होडीच्या मागून पांढरं म्हणून जे दिसतं ते तीनपैकी काहीही असू शकतं: थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्याची वाफ, न जळता बाहेर पडलेलं डिझेल, किंवा सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी अथवा कूलंट (इंजिन आतून थंड ठेवणारा द्रव). तिन्हींची कारणं वेगळी, खर्च वेगळा आणि घाईही वेगळी. वाफ असेल तर काही मिनिटांत इंजिन बंद करावं लागतं. डिझेल असेल तर बऱ्याचदा बंदरापर्यंत रेटता येतं. सिलिंडरमध्ये पाणी असेल, तर बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या नादातच ते कायमचं मोडू शकतं.

म्हणून माझा आग्रह आहे की पहिला अर्धा तास काहीही उघडू नये. पांढरा धूर दिसला की ‘हेड गॅस्केट गेलं’ हे निदान धक्क्यावर कुणीतरी लगेच करून टाकतं. मग हेड (सिलिंडरांवरचं झाकण, ज्याच्याखाली हे सीलचं गॅस्केट असतं) उतरवलं जातं, दोन दिवस जातात, आणि दोष निघतो कार्बनने बुजलेल्या एल्बोत, म्हणजे एक्झॉस्टच्या वळणाच्या नळीत. तपासणी नेहमी बाहेरून आत आणि स्वस्ताकडून महागाकडे न्यावी. होडीवर हा क्रम आणखी महत्त्वाचा, कारण सगळ्यात बाहेरचा भाग, म्हणजे समुद्राच्या पाण्याची वाट, हाच सगळ्यात जास्त वेळा बिघडतो.

पाणी धुरात येतं कुठून

बहुतेक शिडाच्या होड्यांचा एक्झॉस्ट ओला असतो. सीकॉकमधून (होडीच्या बुडाला बसवलेल्या तोटीतून) आत आलेलं पाणी स्ट्रेनरमधून गाळून रॉ वॉटर पंपात जातं. पंपातला रबरी इम्पेलर ते हीट एक्स्चेंजरमधून (जिथे समुद्राचं पाणी आतलं कूलंट थंड करतं) पुढे ढकलतो, आणि शेवटी मिक्सिंग एल्बोमध्ये ते तापलेल्या गॅसमध्ये सोडलं जातं. गॅस तिथे काही शे अंश सेल्सिअसचा असतो. पाणी मिसळल्यावर तो इतका निवतो की पुढची वाट रबरी पाइपची असली तरी चालते. पुढे वॉटरलॉक (पाणी उलट इंजिनाकडे जाऊ न देणारी पेटी), मग उंच वळसा, आणि मागच्या बाजूने पाणी व धूर एकत्र बाहेर.

गाडीच्या सायलेन्सरचा अनुभव इथे अर्धाच कामी येतो तो यामुळे. होडीवर इंजिन अगदी ठणठणीत असतानाही, फक्त पाणी कमी पडलं म्हणून, मागून पांढरे लोट निघू शकतात. थंड, दमट हवेत थोडी वाफ दिसणं तर नेहमीचंच आहे. प्रश्न पडायला हवा तो कालपर्यंत नसलेली वाफ आज दिसते तेव्हा, किंवा इंजिन तापल्यावरही धूर जात नाही तेव्हा.

काहीही न उघडता करायची तपासणी

ही तपासणी थंड इंजिनावर सुरू करा. इंजिन एकदा तापलं की थंड अवस्थेतला निम्मा पुरावा गेलेला असतो. आदल्या रात्रीपासून बंद असलेलं इंजिन सगळ्यात चांगलं. होडी धक्क्याला पक्की बांधा आणि केबिनची दारं-झरोके वाऱ्याकडे बघून उघडे-बंद ठेवा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे मागे वाकून तासभर निरीक्षण करत बसू नये.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. हेडर टँकचं (इंजिनावरच्या कूलंटच्या टाकीचं) झाकण उघडून कूलंट कुठवर आहे त्याची खूण करा. हे थंड असतानाच करायचं. गरम इंजिनाचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट तोंडावर येतं. मग डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढा. ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं दिसलं किंवा पातळी खुणेच्या वर गेलेली असेल, तर इंजिन सुरू करू नका. सरळ खाली ‘सिलिंडरमध्ये पाणी’ या भागाकडे जा.

ऑइल स्वच्छ असेल तर इंजिन सुरू करा आणि मागे जाऊन आधी पाणी बघा, धूर नंतर. पाणी ठोक्याठोक्याने, भरपूर पडायला हवं. नुसती धार लागली असेल, किंवा बराच वेळ कोरडा भसभस आवाज आणि मध्येच एखादी पिचकारी असं चाललं असेल, तर उत्तर जवळजवळ मिळालंच. शक्य असेल तर एक्झॉस्टखाली बादली धरून ठरावीक आरपीएमला अर्ध्या मिनिटात किती पाणी येतं ते मोजा आणि लिहून ठेवा. हा आकडा इंजिन चांगलं असताना नोंदवलेला असेल तर त्याची किंमत फार मोठी आहे, म्हणून धूर नसतानाही एकदा मोजून ठेवाच.

आता धूर. वाफ असेल तर ती होडीपासून थोड्याच अंतरावर हवेत विरून जाते. डिझेलचा धूर विरत नाही. तो पाण्याला चिकटून, धुक्यासारखा रेंगाळतो आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या होडीपर्यंत जातो. वासातही फरक आहे. वाफेला फारसा वास नसतो. न जळलेल्या डिझेलचा वास उग्र असतो आणि डोळे चुरचुरतात. कूलंटमधल्या ग्लायकॉलचा वास गोडसर येतो. वास घेण्यासाठी तोंड एक्झॉस्टजवळ नेण्याची गरज नाही. वारा धूर नेतो त्या बाजूला दोन पावलं उभं राहिलं तरी कळतं.

मग पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा काठीला बांधून धुरात काही सेकंद धरा. ओल्या एक्झॉस्टमध्ये तो भिजणारच, त्यामुळे लगेच निष्कर्ष काढू नका. सावलीत वाळू द्या. नुसतं समुद्राचं पाणी असेल तर वाळल्यावर मिठाचा पुसट डाग राहतो. डिझेल असेल तर तेलकट डाग राहतो, उजेडासमोर धरला तर पारदर्शक दिसतो आणि वासही टिकतो. काजळीचे काळे ठिपके थोडे असतील तर त्यांची चिंता नको.

शेवटी एक्झॉस्टभोवतीच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग आहे का ते पाहा. थंड इंजिन सुरू होताना क्षणभर थोडा तवंग येणं बऱ्याच जुन्या इंजिनांत दिसतं. पंधरा-वीस मिनिटं गिअरमध्ये चालवूनही तो येतच असेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय.

आरपीएम, तापमान, सुरू केल्यापासून गेलेला वेळ आणि धुराचं स्वरूप हे सगळं कागदावर उतरवा. पुढे मेकॅनिकला बोलवावं लागलं तरी या नोंदींनी त्याचा अर्धा दिवस वाचतो.

वाफ असेल तर: सीकॉकपासून एल्बोपर्यंत

इथे एक सापळा आहे. आत कूलंट आणि बाहेर समुद्राचं पाणी अशी दुहेरी व्यवस्था असलेल्या इंजिनात समुद्राचं पाणी कमी झालं, तर तापमानाचा काटा लगेच हलत नाही. आतलं कूलंट तापायला वेळ लागतो. मागची वाफ काट्याच्या आधी दिसते. म्हणून ‘काटा तर जागेवर आहे’ या भरवशावर इंजिन चालू ठेवू नये. कूलंट पूर्ण निघून गेलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट कमी तापमान दाखवू शकतो.

इंजिन बंद करून पाण्याच्या वाटेने निघा.

सीकॉक पूर्ण उघडा आहे ना, हे आधी हाताने फिरवून पाहा. मग तो बंद करा, आतल्या बाजूचा रबरी पाइप सोडवा, लाकडी बूच हाताशी ठेवा आणि सीकॉक क्षणभर उघडा. पाण्याच्या पातळीखाली असलेल्या सीकॉकमधून पाणी जोराने उसळायला हवं. नुसतं झिरपत असेल तर बाहेरून शेवाळ, शिंपले किंवा प्लॅस्टिकची पिशवी अडकली आहे. पिशवीची एक लबाडी लक्षात ठेवा: इंजिन बंद केलं की ओढ संपते, पिशवी आपोआप सुटते, आणि पुन्हा सुरू केल्यावर सगळं ठीक दिसतं. थोड्या वेळाने ती परत येऊन चिकटते.

स्ट्रेनर साफ करताना जाळीपेक्षा झाकणाच्या रबरी रिंगकडे जास्त लक्ष द्या. स्ट्रेनर पाण्याच्या पातळीच्या वर बसवलेला असेल तर सैल झाकणातून पाणी बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. पंप मग पाण्याबरोबर हवा पंप करतो. झाकण पारदर्शक असेल तर इंजिन चालू असताना आत सतत बुडबुडे धावताना दिसतात.

त्यानंतर इम्पेलर, आणि इथे घाई करू नका. सीकॉक बंद. पंपाखाली कापड पसरा, कारण झाकणाचे छोटे पितळी स्क्रू बिल्जमध्ये (होडीच्या तळाच्या पोकळीत) पडले की सापडत नाहीत. झाकण काढल्यावर इम्पेलर पुलरने (तो ओढून काढायच्या हत्याराने) सरळ बाहेर काढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलात तर पंपाच्या कडेला खरवडे पडतात आणि तिथूनच पुढे गळती होते. प्रत्येक पातं बोटाने मागे वाकवून मुळाशी बघा. भेगा तिथेच सुरू होतात, टोकाला नाही. पाती एका बाजूला वाकून तशीच राहिली असतील तरी इम्पेलर बदलायचा. आणि एखादं पातं तुटून गायब असेल तर तो तुकडा सापडेपर्यंत काम संपलेलं नाही. तो पाण्याबरोबर पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी किंवा एखाद्या वळणात बसलेला असतो. नवा इम्पेलर टाकला, पाणी थोडं वाढलं, आणि महिन्याभराने पुन्हा वाफ, असं होतं ते या तुकड्यामुळे.

आणखी एक दोष सहसा नजरेतून सुटतो. इम्पेलरचं रबर मधल्या पितळी बुशपासून सुटलेलं असतं. पाती नव्यासारखी दिसतात, पण बुश आतल्या आत फिरतो आणि रबर जागेवर राहतं. बुश पकडून पाती पिळून पाहिली की लगेच कळतं.

झाकणाच्या आतल्या बाजूवर नख फिरवा. नख अडकेल एवढी खोबण पडली असेल तर पंप पाणी खेचण्यात कमी पडतो, विशेषतः कमी आरपीएमला. तात्पुरता उपाय म्हणून काही झाकणं उलटी बसवता येतात. कायमचा उपाय म्हणजे नवं झाकण. नवा इम्पेलर बसवताना ग्लिसरीन किंवा भांडी घासायचा द्रव साबण लावा, ग्रीस नको; पेट्रोलियमचं ग्रीस रबर फुगवतं. पाती पंप फिरतो त्या दिशेच्या मागे झुकलेली असावीत. पंप पट्ट्यावर चालणारा असेल तर पट्ट्याचा ताणही याच वेळी बघून घ्या.

पंप ठीक असेल तर हीट एक्स्चेंजरची दोन्ही टोकांची झाकणं उघडा. नळ्यांच्या तोंडाशी इम्पेलरचे तुकडे, झिंकच्या पेन्सिलचे (बाकीचा धातू वाचवण्यासाठी स्वतः झिजणाऱ्या कांडीचे) गळून पडलेले अवशेष आणि क्षारांचा थर, असा कचरा मिळतो. सैल कचरा हाताने काढावा. क्षारांसाठी डिस्केलर वापरायचा तर तो तुमच्या एक्स्चेंजरच्या धातूला चालतो का हे मॅन्युअलमध्ये पाहूनच. आम्ल चुकून अॅल्युमिनियमच्या भागाला लागलं तर दुरुस्तीपेक्षा नुकसान मोठं होतं. अँटी-सायफन व्हॉल्व्ह (बंद इंजिनात पाणी आपोआप ओढलं जाऊ न देणारी झडप) असेल तर तोही उघडून मीठ धुऊन काढा.

शेवटी मिक्सिंग एल्बो. माझ्या मते होडीच्या इंजिनातला हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. एका बाजूने तापलेला गॅस आणि काजळी, दुसऱ्या बाजूने खारं पाणी, त्यामुळे आत कार्बन आणि गंज यांचा दगडासारखा थर साठतो. पाण्याची वाट बुजली की वाफ होते. गॅसची वाट बुजली की इंजिन गुदमरतं, ताकद जाते आणि काळा धूरही येतो. उतरवण्याआधी इन्फ्रारेड थर्मामीटरने एल्बोच्या पुढचा रबरी पाइप तपासा. पाणी पुरेसं असेल तर त्या पाइपवर हात ठेवता येतो. हात ठेवता येत नसेल, किंवा एल्बोवरचा रंग एका जागी करपून उडाला असेल, तर तो उतरवाच. थर खरवडून काढल्यावर भिंत बारीक टोचून बघा. पातळ झालेला एल्बो पुन्हा बसवू नये. आतली भिंत फुटली तर पाणी उलट इंजिनाकडे वाहतं, आणि मग साधी वाफेची तक्रार तिसऱ्या, महागड्या प्रकारात जाते. वर्षातून एकदा एल्बो उघडून बघण्याला पर्याय नाही.

डिझेलचा धूर असेल तर

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबल्यामुळे तापलेल्या हवेत डिझेलचे बारीक कण फवारले जातात आणि ते आपोआप पेटतात. हवा पुरेशी तापली नाही, फवारा जाडसर झाला किंवा फवारण्याची वेळ चुकली, की कण न पेटताच बाहेर येतात आणि पांढरे दिसतात. सगळी कारणं या तिघांत बसतात.

आधी ऐका. धूर एकसारखा आहे की ठोक्याठोक्याने येतोय? इंजिन मिस मारत असेल आणि त्या ठेक्यात धुराचे गोळे येत असतील तर दोष एका सिलिंडरचा. इंजिन सुरळीत फिरतंय आणि धूर सगळीकडून सारखा आहे, तर दोष सगळ्यांना समान असलेल्या गोष्टीत: इंधन, थंडपणा किंवा टायमिंग.

इंधनापासून सुरुवात करा. वॉटर सेपरेटरच्या तळातून थोडं डिझेल काचेच्या बरणीत काढा आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी पाण्याचा थर बसला किंवा काळपट बुळबुळीत गाळ दिसला तर टाकी, फिल्टर आणि पाइप या सगळ्यांची सफाई करावी लागेल. आरपीएम वर-खाली होत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. ती कुठून येते ते शोधण्यासाठी रिटर्न लाइनमध्ये तात्पुरता पारदर्शक पाइप जोडा. बुडबुडे स्पष्ट दिसतात. बहुतेकदा फिल्टरचं झाकण किंवा एखादा तांब्याचा वॉशर निघतो. एअर काढून पुन्हा तपासा.

धूर फक्त थंड इंजिन सुरू करताना येऊन मिनिट-दोन मिनिटांत जात असेल तर ग्लो प्लग (सुरू करताना सिलिंडर तापवणारे विजेचे प्लग) तपासा, असले तर. काही इंजिनांना ते नसतातच. तार सोडवून मल्टिमीटरने प्लगचा रोध मोजा. चांगल्या प्लगचा रोध अगदी कमी, साधारण एक ओहमच्या आसपास असतो. सर्किट उघडं दिसलं तर प्लग गेला. सगळेच चांगले असतील तर बटण दाबलेलं असताना प्लगपर्यंत व्होल्टेज पोचतंय का ते बघा. रिले आणि गंजलेली जोडणी हेच तिथे नेहमीचे गुन्हेगार. बॅटरी कमजोर असेल तर स्टार्टर हळू फिरतो, हवा दाबताना तापत नाही, आणि धूर तसाच येतो. त्यामुळे प्लग विकत घेण्याआधी बॅटरी.

एका सिलिंडरचा संशय असेल तर जुनी, खात्रीची चाचणी आहे. इंजिन आरामात चालू असताना एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट अर्धा फेरा ढिला करायचा. चांगल्या सिलिंडरचा नट ढिला झाला की आरपीएम लगेच पडते. ज्याने काही फरक पडत नाही, किंवा ज्याने धूरच थांबतो, तो दोषी. पण दोन अटी. ही चाचणी फक्त जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनावर. कॉमन रेल इंजिनाचा (सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनाचा) पाइप चालू स्थितीत कधीच ढिला करायचा नाही; तिथला दाब १,००० बारच्या वर जाऊ शकतो. आणि जुन्या इंजिनातही डिझेल इतक्या दाबाने सुटतं की कातडी भेदून आत जातं. चष्मा घाला, नटावर जाड कापड धरा, हात त्या रेषेत आणू नका. कातडीखाली डिझेल गेल्याचा संशय आला तर जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जायचं; हात गमावण्याइतकी गंभीर इजा असते ती.

दोषी सिलिंडर कळल्यावर त्याचा इंजेक्टर शेजारच्या चांगल्या सिलिंडरमध्ये घाला आणि तिथला इकडे. दोष इंजेक्टरबरोबर दुसरीकडे गेला तर इंजेक्टर खराब. दोष जागेवरच राहिला तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबली जाण्याचा जोर, कमी. एवढ्या कमी खर्चात इतकं स्वच्छ उत्तर देणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही. इंजेक्टर काढताना आजूबाजूची घाण आधी ब्रशने साफ करा, उघड्या तोंडांना टोप्या लावा आणि खालचा तांब्याचा वॉशर प्रत्येक वेळी नवा घाला. जुनाच वॉशर घातला तर चाचणीच्या निकालावर विश्वास ठेवता येत नाही. खराब इंजेक्टर डिझेल पंपाच्या वर्कशॉपमध्ये फवारा आणि उघडण्याचा दाब तपासायला द्यावा. घरी नॉझल घासत बसू नये.

कॉम्प्रेशनचा संशय आला तर गेज लावण्याआधी टॅपेट क्लिअरन्स (झडपांच्या खटक्यातली फट) तपासा. झडप पूर्ण बसत नसेल तर कॉम्प्रेशन गळतं, आणि हा दोष फीलर गेज व पान्याने तासाभरात सुटतो. मगच कॉम्प्रेशन गेज, तोही डिझेलचाच. पेट्रोल इंजिनाचं गेज एवढा दाब सोसू शकत नाही. अपेक्षित आकडा मॅन्युअलमधून घ्या. त्यापेक्षाही सिलिंडरांची आपापसातली तफावत जास्त बोलकी असते. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा ठळकपणे खाली असेल तर झडपा, रिंग किंवा गॅस्केट.

इंजेक्शन टायमिंगचा विचार अगदी शेवटी, आणि तोही पंप अलीकडे उतरवलेला असेल तरच. पंपाखालच्या शिम (पातळ चकत्या) चुकल्या आणि फवारणी उशिरा होऊ लागली की सगळ्याच सिलिंडरांतून पांढरा धूर येतो. कुणी हात न लावता टायमिंग सहसा एकदम बिघडत नाही.

एक कारण मात्र बिघाडाचं नसून सवयीचं आहे. बॅटरी चार्ज करायला नांगरावर तासन्‌तास आयडलवर (गिअरशिवाय, मंद गतीवर) चालवलेलं इंजिन कधीच नीट तापत नाही. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत थंड पाणी अडवणारी झडप) उघडा अडकला असेल किंवा कुणी काढून टाकला असेल तरी तेच. इंजिन वीस-तीस मिनिटं गिअरमध्ये, भरपूर लोडवर चालवा. धूर निघून गेला तर इंजेक्टरला हात लावू नका. थर्मोस्टॅट तपासा आणि आयडल कमी करा. सतत थंड चालवल्याने सिलिंडरच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात, रिंग नीट बसत नाहीत, आणि मग कॉम्प्रेशन खरोखरच जातं. थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणारी इंजिनं मुळात कमी तापमानाला चालतात, कारण फार तापलं की आत मीठ साठतं. त्यांत थोडा जास्त धूर दिसणं समजण्यासारखं आहे.

सिलिंडरमध्ये पाणी किंवा कूलंट

इंजिन पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा धूर, गोडसर वास आणि खुणेखाली जाणारं कूलंट, हे तिन्ही एकत्र असतील तर कूलंट जळतंय. नुसतं कूलंट कमी होत असेल आणि धूर नसेल, तर हीट एक्स्चेंजरची नळी फुटलेली असू शकते. कूलंट थेट समुद्राच्या पाण्यात मिसळून बाहेर जातं. हेड उतरवण्याआधी हा फरक नक्की करा.

थंड इंजिन सुरू करून हेडर टँकमध्ये बघा. एअर नीट काढलेली असतानाही सतत बारीक बुडबुडे येत असतील, किंवा सुरू केल्याकेल्या, तापण्याआधीच, कूलंटचे पाइप दगडासारखे कडक होत असतील, तर सिलिंडरमधला दाब कूलंटमध्ये शिरतोय. गॅरेजमध्ये रंग बदलणाऱ्या द्रवाची चाचणी मिळते. टँकमधली हवा त्या निळ्या द्रवातून ओढली की जळालेल्या गॅसमुळे त्याचा रंग बदलतो; डिझेल इंजिनात तो सहसा हिरवट-पिवळा होतो. दुसरी चाचणी दाबाची. हातपंपाने टँकवर झाकणावर लिहिलेल्याइतका दाब द्या आणि काही तास ठेवा. दाब उतरला आणि बाहेर कुठेच गळती नाही, तर इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवा. पाणी असलेल्या सिलिंडरच्या भोकातून ते बाहेर येतं.

समुद्राचं पाणी आत शिरण्याच्या वाटा वेगळ्या आहेत आणि त्यांचा हेड गॅस्केटशी काहीच संबंध नसतो. एल्बोची फुटलेली भिंत ही एक. बुजलेला अँटी-सायफन व्हॉल्व्ह ही दुसरी: पाणी सोडण्याची जागा पाण्याच्या पातळीच्या खाली किंवा जेमतेम वर असेल तर इंजिन बंद असताना सायफन होऊन वॉटरलॉक भरतं आणि पाणी झडपांपर्यंत चढतं. तिसरी वाट आपणच तयार करतो. इंजिन सुरू होत नाही म्हणून आपण स्टार्टर मारत राहतो, पंप प्रत्येक वेळी पाणी ढकलतो, आणि ते बाहेर फेकायला गॅस नसतो. म्हणून दोन-तीन प्रयत्नांत इंजिन पेटलं नाही तर सीकॉक बंद करायचा, आणि पेटताक्षणी उघडायचा. हे होडीवरच्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

पाणी शिरल्याचा संशय असेल तर स्टार्टरला हात लावू नका. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्याच्यावर आपटला की कनेक्टिंग रॉड वाकतो. डिकॉम्प्रेशनचे खटके (झडपा उघड्या धरून दाब सोडणारे) असतील तर उचला, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. मध्येच कडक अडलं तर जोर करू नका. इंजेक्टर काढा, पुन्हा हाताने फिरवून पाणी बाहेर काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं स्वच्छ ऑइल सोडा. दुधाळ ऑइल काढून नवं भरा. पाणी कुठून आलं ते बंद केल्यावरच इंजिन सुरू करा, थोडा वेळ चालवा, आणि ऑइल पुन्हा बदला. दुधाळपणा जाईपर्यंत हे करत राहावं लागतं. खारं पाणी असेल तर हे काम उद्यावर ढकलू नका. गंज तासांच्या हिशेबाने चढतो.

हेड गॅस्केट खरोखरच गेलं असेल तर हेडचा सपाटपणा तपासून घ्या, आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने व टॉर्कने आवळा. गॅस्केट बहुतेकदा इंजिन तापल्याने जातं. तेव्हा ते का तापलं हे शोधायला पुन्हा सीकॉकपासून एल्बोपर्यंतची वाट तपासावीच लागते.

पाण्यात असताना धूर सुरू झाला तर

आधी शिडं चढवा, किंवा जागा आणि खोली योग्य असेल तर नांगर टाका. मग मागे बघा. पाणी पडत नसेल तर लगेच इंजिन बंद, आणि सीकॉक, स्ट्रेनर, इम्पेलर या क्रमाने तपासणी. त्यासाठी जास्तीचा इम्पेलर, झाकणाचं गॅस्केट आणि स्क्रू होडीवर असलेच पाहिजेत. पाणी भरपूर पडतंय, तापमान स्थिर आहे, ऑइलचा दाब ठीक आहे आणि धूर डिझेलचा आहे, तर मध्यम आरपीएमवर बंदर गाठता येतं. धूर गोडसर असेल आणि कूलंट उतरत असेल तर इंजिन फक्त बंदराच्या तोंडाशी, अगदी लागेल तेव्हा वापरायचं. मधल्या काळात ते बंद असताना सिलिंडरमध्ये पाणी साठू शकतं, त्यामुळे पुन्हा सुरू करण्याआधी दर वेळी हाताने फिरवून बघा.

दुरुस्तीनंतरची चाचणी

धक्क्याला दुहेरी दोर बांधा, इंजिन गिअरमध्ये टाका आणि तापमान स्थिर होईपर्यंत हळूहळू लोड वाढवा. बादलीची चाचणी पुन्हा करा, पुठ्ठा पुन्हा धरा, एल्बोच्या पुढच्या पाइपवर हात ठेवा. उघडलेल्या प्रत्येक जोडावर बोट फिरवून ओल बघा. रात्रभर इंजिन थंड होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, सुरू करण्याआधी, कूलंटची पातळी तुम्ही केलेल्या खुणेशी ताडून बघा, डिपस्टिक काढा आणि उतरवलेले बोल्ट पुन्हा एकदा तपासा.